जुनं फॅनझीन वाचायचं कसं? एका टायपिस्टबाईचा सल्ला

अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९४०-५० च्या सुमाराला घरच्या घरी काढलेली फॅनझीन्स, म्हणजे हौशी मासिकं, आता स्कॅन करून ठेवलेली सापडतात. उघडलीत की पहिल्याच पानावर अडखळाल. डिक्शनरी शोधू नका, आधी ते पान कुठल्या यंत्रातून निघालंय ते बघा. माझी उमेद स्टेन्सिल कापण्यात गेली, म्हणून सांगते.

सायक्लोस्टाइलचं, म्हणजे प्रती काढायच्या जुन्या यंत्राचं, मेणकागदी स्टेन्सिल टाइप करताना रिबन बाजूला करायची. अक्षर थेट मेणावर आपटतं आणि तिथून शाई झिरपते. चुकलं तर करेक्शन फ्लुइडचा थेंब लावा, फुंकर मारा, वाळलं की पुन्हा टाइप करा. हे फ्लुइड म्हणजेच चाहत्यांचं ‘कोरफ्लू’. १९८४ पासून फॅनझीनवाल्यांचं त्याच नावाचं संमेलन भरतं!

एखादा शब्द तिरप्या रेघांनी खोडलेला, पण स्वच्छ वाचता येणारा दिसला, तर तो मुद्दामच वाचा. खरं बोलायचं आणि खोडल्याचं नाटकही करायचं, ही त्यांची आवडती खोडी. अवतरणचिन्हांवर आडवी रेघ ठोकलेली असेल तर ‘नेमके शब्द हेच असं नाही, पण आशय हाच’ असं समजा. (हे चिन्ह ऑफिसच्या मिनिट्स टाइप करताना मला फार उपयोगी पडलं असतं.) दोन आडव्या रेघांमध्ये एकटंच विचित्र वाक्य दिसलं तर मागचा-पुढचा संबंध जोडत बसू नका, संबंध नसणं हीच गंमत.

टायपिंगची प्रत्येक चूक चूकच असते असंही नाही. ली जेकब्स या चाहत्याच्या एका लेखात ‘फोक’चं (लोकसंगीताचं) ‘फिल्क’ झालं. चाहत्यांना ते इतकं आवडलं की त्यांची गाणी आजही फिल्कच म्हणवतात. बीअरच्या स्पेलिंगमध्ये बी नंतर एच घुसलेला दिसेल, तो मात्र हौसेने घातलेला. १९३० च्या दशकात डोनाल्ड वोल्हाइम आणि जॉन मिशेल या चाहत्यांनी थट्टेत ‘घू’ (Ghu) नावाचा देव काढला, त्याचा हा प्रसाद. मराठी कानाला नाव भलतंच वाटतं, पण इलाज नाही.

चित्रांत डोक्यावर पंखा असलेली टोपी दिसली की तो माणूस फॅन. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या कॅडिलॅक गावी रे नेल्सन या शाळकरी पोराने ती केली आणि पुढे आपल्या व्यंगचित्रांतल्या फॅनच्या डोक्यावर चढवली.

आद्याक्षरांचे शब्द लागले की जॅक स्पीअरचा १९४४ चा फॅन्सायक्लोपीडिया, म्हणजे चाहत्यांच्या बोलीचा कोश, किंवा डिक एनीची १९५९ ची आवृत्ती काढा. ‘फियावॉल’ म्हणजे फॅनगिरी हेच जगणं. ‘फिजाघ’ म्हणजे छे, नुसता छंद. ‘गाफिया’ला मात्र जपा. आधी त्याचा अर्थ रोजच्या कटकटीतून सुटून फॅनगिरीत शिरणं असा होता, पुढे फॅनगिरीच सोडून जाणं असा उलटला. तो शब्द आला की अंकावरचं साल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.