वायरमन-सुपरवायझर परवान्याची परीक्षा: अभ्यास कुठून धरायचा

वायरिंगची कामं कंत्राटाने घ्यायची तर परवाना लागतो आणि त्या वाटेवर वायरमन किंवा सुपरवायझरची परीक्षा असते. पात्रता, शुल्क, मुदत हे सगळं वीज खात्याच्या चालू जाहिरातीतूनच घ्या. गेल्या खेपेला बसलेल्याच्या सांगण्यावरून अर्ज भरू नका.

बाजारातली जुनी गाईडं अजून १९५६ च्या वीज नियमांचे क्रमांक छापतात. त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम आले, आणि २०२३ मध्ये तेही बदलले. तेव्हा क्रमांक घोकण्यापेक्षा नियमामागचं कारण धरा. न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, वेगळा फ्यूज का नको? तो उडाला तर दिवा विझतो, माणूस लाइट गेली समजून होल्डरला हात लावतो, आणि फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तिथे जिवंतच असतो. तोंडी परीक्षेत असंच उत्तर हवं असतं. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानकं भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतात.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगला द्या. पाइप अर्थिंगला जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांबीचा. प्लेट ६० × ६० सेंमी, जीआय असेल तर ६.३ मिमी जाड, तांब्याची असेल तर ३.१५ मिमी, प्लेटची वरची कड जमिनीखाली निदान १.५ मीटर. दोन पाइप जोडायचे तर अंतर साधारण लांबीच्या दुप्पट, म्हणजे ५ मीटर; जवळ ठोकले तर दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही. आपल्याकडे कोकणात सड्यावरचा (कातळपठारावरचा) जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की रेझिस्टन्स चढतो. म्हणून जुलैतलं रीडिंग बघून खूश होऊ नका, एप्रिल-मेमधलं खरं. मीठ घातलं तर पावसात वाहून जातं आणि जीआयला गंजही लवकर चढतो. बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, त्यापेक्षा बरं.

अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या अर्थ टेस्टरची जोडणी हाताने करून बघा. करंटचा खुंटा अर्थिंगपासून ३० मीटरवर असेल तर पोटेन्शियलचा सुमारे १८.६ मीटरवर, म्हणजे ६२ टक्क्यांवर. तो ३ मीटर पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजा. रीडिंग जवळपास सारखं आलं तर जोडणी बरोबर. बरंच हललं तर करंटचा खुंटा आणखी लांब न्या. खुंटा जांभ्यात घट्ट बसत नसेल तर आधी पाणी ओता.

इन्सुलेशनला ५०० व्होल्टचा मेगर (तारेच्या आवरणाचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र), आणि घरगुती सर्किटला किमान १ मेगओम. फेज-न्यूट्रल तपासताना मेन बंद, दिवे काढलेले, प्लग उपसलेले, स्विच मात्र चालू. इथे बहुतेक जण एखादा दिवा काढायला विसरतात आणि शून्य आलं की घाबरतात. एलईडी ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर सर्किटमध्ये राहिले तर रीडिंग पडतं, ती उपकरणंही खराब होऊ शकतात. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीतल्या कॉन्ड्युइटमध्ये ओल साचते. तेव्हा कमी रीडिंग आलं तर आधी जंक्शन बॉक्स उघडून बघा.

गणितात विहिरीच्या पंपावरचा प्रश्न नेहमीचा. ५ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, कार्यक्षमता ०.८५. ५ × ७४६ = ३७३० वॉट; भागिले १.७३२ (थ्री फेजसाठीचं ३ चं वर्गमूळ) × ४१५ × ०.८ × ०.८५. उत्तर साधारण ७.६ अँपिअर. ६.५ आलं तर कार्यक्षमता विसरलात, १३.२ आलं तर १.७३२.