आधी मेलला उत्तर, मग मॉडेल

डिझाइन इंजिनिअरच्या नोकरीसाठी अर्ज केला की पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीचा मेल येतो, 'सोबतची असाइनमेंट शनिवारपर्यंत पाठवा', आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दिवसभर ड्रॉइंग काढून दमलेली आमची पोरं त्याच रात्री कॉम्प्युटर उघडून बसतात. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आज मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचा थ्रीडी भाग, उघडू नको. आधी मेलला उत्तर लिही, त्यात हे प्रश्न विचार.

काम किती तासांचं धरलंय? तपासणार कोण, आणि नंतर त्यावर बोलणं होणार का? फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये हवी? प्रोजेक्शन, म्हणजे ड्रॉइंगमध्ये भागाच्या बाजू मांडायची पद्धत, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन ग्राहकांचं काम थर्ड अँगलमध्ये चालतं. हा प्रश्न विचारणारी मुलगी काम जाणते, हे समोरच्याला तिथंच कळतं.

मुदतीचंही त्याच मेलमध्ये लिहा. खानापूरहून रोज बसने येणारीला रात्री जेवण उरकेपर्यंत किती वेळ उरतो? 'मी सध्या नोकरीत आहे, सलग वेळ रविवारीच मिळतो, बुधवारपर्यंत मुदत मिळेल का?' एवढं पुरे. यात लाजण्यासारखं काही नाही बघा. न विचारता दोन दिवस उशिरा पाठवणं मात्र वाईट दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका, रात्री कुणी नसलं तरी नाही. ड्रॉइंगच्या टेम्प्लेटमधल्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या चौकटीत, कंपनीचं नाव असतं, फाइलच्या प्रॉपर्टीत बनवणाऱ्याचं नाव राहू शकतं. ऑफिसात केलेला जुना ब्रॅकेट थोडा बदलून पाठवायचा मोह तर टाळाच. ते ड्रॉइंग कंपनीचं, कधी तिच्या ग्राहकाचं असतं, आणि गुप्ततेच्या कागदावर आपली सही असते. शिवाय उद्यमबाग ते मच्छे, इथल्या कारखान्यांत सगळे एकमेकांना ओळखतात. घरच्या कॉम्प्युटरवर फ्रीकॅड हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मॉडेल करा, स्टेप फाइल (बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट) आणि पीडीएफ पाठवा.

चार तास सांगितले असतील तर चारच तास द्या. पहिला अर्धा तास कागदावर: भार कुठून येतो, बोल्ट कुठं बसतो, हा भाग ओतायचा की ब्लॉकमधून कापायचा. इथं आपली पोरं पुढं असतात, कारण फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, आपण डोळ्यांनी बघितलीय. ड्राफ्ट अँगल (साच्यातून सुटायला दिलेला उतार), भिंतीची जाडी, मशीनिंगसाठी सोडलेलं मटेरियल, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) हे ड्रॉइंगमध्ये दिसू द्या. सोबत एक पानाची टीप जोडा: काय गृहीत धरलं, बेअरिंग बसायच्या भोकालाच एच ७ ही काटेकोर मापमर्यादा का दिली आणि बाकी जनरल टॉलरन्सवर, म्हणजे मापातल्या नेहमीच्या सुटीवर, का सोडलं, वेळ असता तर काय तपासलं असतं. राहिलेलं काम लपवू नका, टीपेत लिहा. चांगला तपासणारा ते पान मॉडेलपेक्षा आधी वाचतो, असं माझं मत आहे.

पूर्ण असेंब्ली, मटेरियलची यादी आणि खर्चाचा अंदाज मागत असतील, वर खऱ्या ग्राहकाचं नावही असेल, तर ती परीक्षा नव्हे, फुकटचं काम आहे. मोबदला विचारा, किंवा तासभर स्क्रीन शेअर करून त्यातला एकच भाग करून दाखवते असं सांगा. दोन्हीला नकार आला तर खुशाल सोडा.

पाठवण्याआधी पीडीएफ मोबाइलवर उघडून मापं वाचता येतात का बघा. मॉडेलची एक प्रत जवळ ठेवा. चर्चेत 'हे भोक पाच मिलिमीटर सरकवा' असं हमखास सांगतात, तेव्हा ते तिथल्या तिथं करता आलं पाहिजे.