पन्हाळ्याचा पोवाडा रसदृष्टीने कसा ऐकावा

‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’ हे भरतमुनींचे सूत्र नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात येते: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे प्रेक्षकाला येणारा कलेचा आस्वाद, निर्माण होतो. संस्कृत किंवा मराठी विषय घेतलेल्या बहुतेकांना ते पाठ असते. मात्र प्रत्यक्ष कार्यक्रमाला बसल्यावर त्याचे करायचे काय, हे सहसा कोणी सांगत नाही. कोल्हापूरच्या पेठांमधून शिवजयंतीच्या दिवसांत हमखास ऐकू येणारा बाजीप्रभूंचा पोवाडा यासाठी उत्तम, कारण कथा सर्वांना ठाऊक असल्याने लक्ष सादरीकरणाकडे देता येते.

ऐकायला बसताना तीन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात. भाव जागवणारे कारण तो विभाव: येथे 1660 च्या जुलैतील पावसाळी रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, पाठलागावर आलेली फौज आणि खिंडीची अरुंद वाट. भाव अंगावर उमटतो तो अनुभाव. मुख्य भावाच्या ओघात येऊन जाणारे चिंता, गर्व, धृती (धीर), औत्सुक्य यांसारखे भाव ते व्यभिचारी. भरतांनी त्यांची संख्या 33 दिली आहे. या संयोगासाठी त्यांनी दिलेल्या दृष्टान्तात गूळही आहे, त्यामुळे कोल्हापूरकराला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये: गूळ, व्यंजने आणि औषधी एकत्र आल्यावर जो स्वाद तयार होतो, तो त्यांपैकी एकाही पदार्थाचा एकट्याचा नसतो.

पहिल्या ऐकण्यात रसाचे नाव घेऊच नये, असे माझे मत आहे. ‘वीररस’ हा शिक्का एकदा मारला की पुढचे काही दिसेनासे होते. त्याऐवजी शाहिराचा चेहरा, हात, आवाजाची चढउतार आणि डफाची थाप यांवर लक्ष ठेवावे व जे दिसेल ते साध्या शब्दांत टिपावे. वीर आणि रौद्र यांतील फरक येथेच हाती लागतो. वीराचा स्थायीभाव, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा मुख्य भाव, उत्साह आहे, रौद्राचा क्रोध. भरतांनी वीराचे अनुभाव म्हणून स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग यांची नावे घेतली आहेत. लाल डोळे, चढलेल्या भुवया, दात-ओठ चावणे ही लक्षणे रौद्राकडे दिली आहेत. आपल्याकडचे कित्येक शाहीर बाजीप्रभूंना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दात-ओठ खायला लावतात आणि ऐकणारे त्यालाच वीररस समजतात.

आमच्या पेठेतल्या तालमीसमोर काही वर्षांपूर्वी एका वयस्कर शाहिरांनी हाच प्रसंग निराळ्या रीतीने उभा केला. खिंडीतली लढाई ऐन भरात असताना त्यांनी डफ थांबवला, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना हातानेच गप्प केले, मान किंचित तिरकी करून कान विशाळगडाच्या दिशेला लावला आणि तसेच थांबले. तोफ अजून झालेली नव्हती. मग अगदी सावकाश त्यांनी पुन्हा डफावर बोट टेकवले. कान लावण्यात औत्सुक्य होते, न डगमगता थांबण्यात धृती होती, आणि त्या दोन व्यभिचारी भावांच्या आधाराने उत्साह जितका ठळक झाला, तितका तो आरडाओरडीने होत नाही.

यापुढची पायरी अवघड आहे आणि आपल्यासाठी तर विशेषच. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. भाव ‘माझाच’ किंवा ‘त्या अमक्याचाच’ असे धरून देशकालाला चिकटून बसणे हे त्यांपैकी एक, आणि स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे दुसरे. पन्हाळा आपल्यापासून जेमतेम 20 किलोमीटरवर असल्याने पोवाडा ऐकताना छाती फुगते. पण तो अभिमान आपला, लौकिक असतो, त्याला रस म्हणता येत नाही. अभिनवगुप्त ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या रथापुढे पळणाऱ्या हरणाचे उदाहरण देतात: तिथली भीती हरणाची राहत नाही, आपलीही होत नाही, ती कोणाचीच नसलेली अशी आस्वादाला येते. यालाच साधारणीकरण म्हणतात, आणि ही कल्पना मुळात त्यांच्या आधीच्या भट्टनायक या आचार्यांची.

हे साधले की नाही, हे पडताळायची माझी एक साधी रीत आहे. प्रसंगातली गावांची आणि माणसांची नावे मनातल्या मनात काढून टाकावीत. कोणी एक जण, कोणत्या तरी वाटेवर, दुसरा सुखरूप पोहोचेपर्यंत उभा आहे, एवढेच उरल्यावरही शाहिराच्या त्या थांबण्याने अंगावर काटा येत असेल, तर वहीत वीररस लिहायला हरकत नाही. काटा येत नसेल, तर आपण डोलत होतो ते पन्हाळ्याच्या नावावर.

हीच पडताळणी महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती गेलेल्या शिवा काशिदांच्या प्रसंगालाही लावून पाहावी. तिथे उत्साह आणि शोक यांपैकी स्थायी कोण, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत झालेले नाही.