ओपीडीत म्हाताऱ्या माणसाला सांभाळणाऱ्यांना काय विचारावं, काय शिकवावं

हे टिपण प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि आशाताई यांच्यासाठी आहे. चिठ्ठी आपण म्हाताऱ्या माणसाच्या नावानं लिहितो, पण गोळी देणारं, अंघोळ घालणारं, रात्री लघवीला नेणारं माणूस वेगळंच असतं, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. त्यासाठी वेगळा दिवस काढायला नको. त्याच ओपीडीतली पाच-सात मिनिटं नीट वापरली तरी पुष्कळ होतं.

सोबत आलेला माणूसच सांभाळतो, असं धरून चालू नका. गाडी मुलाकडं असते म्हणून मुलगा घेऊन येतो, करणारी सून रानात असते. "सोबत कोण आलंय?" यापेक्षा "घरी गोळ्या कोण देतं? रात्री कोण उठतं?" असं विचारा. ते नाव आणि मोबाइल नंबर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. ती सांभाळणारी समोर नसेल तर तिथूनच फोन लावून गोळ्यांतला बदल थेट तिला सांगा. मुलाच्या तोंडी दिलेला निरोप घरी पोचेपर्यंत अर्धा होतो.

बोलायचं मात्र आधी आज्जी-आजोबांशी. कमी ऐकू येतं म्हणून सगळं सुनेलाच विचारलं, की ते माणूस स्वतःच्याच तपासणीत परकं होतं. समोर बसून, सावकाश विचारा. मग "आज्जी, राहिलेलं सूनबाईंना विचारू का?" म्हणून त्यांची परवानगी घ्या.

सून सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर खरं बोलत नाही. "सिस्टर आज्जींचं वजन-बीपी घेतील, तोवर तुम्ही इकडं या," एवढं म्हटलं तरी दोन मिनिटं वेगळी मिळतात. तशीच दोन मिनिटं आज्जींनाही एकटीला द्या. जेवण वेळेवर मिळतं का, कुणी हात उगारतं का, पगाराचे (पेन्शनचे) पैसे कुणाकडं जातात, हे तेव्हाच कळतं. गरज वाटली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सांगून ठेवा.

गोळ्यांची पिशवी

"पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा" असं सांगा. सगळ्या म्हणजे मेडिकलवरून आणलेल्या, खासगी डॉक्टरच्या, गुडघ्याच्या पुड्यासुद्धा. पिशवी टेबलावर ओता. सरकारी पाकिटातली बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन आणि खासगीतून कंपनीच्या नावानं आलेली अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही रोज चालू, हे वरचेवर दिसतं. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू असेल तर बीपी का उतरत नाही आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) का वाढलं, याचं कारण तिथंच असू शकतं. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरा. बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंद करायला सांगू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात जास्त वेळ साखरेच्या गोळीला द्या. सकाळी आठला सून सासऱ्यांना ग्लिमेपिराइड देते, भाकर-कोरड्यास झाकून ठेवते आणि खुरपायला जाते. आजोबा अकराला जेवतात, कधी जेवतच नाहीत. बारा वाजता घाम, थरथर, वेडंवाकडं बोलणं, आणि घरी कुणी नाही. गोळी पोटात गेली की ती इन्सुलिन सोडायला लावते, जेवणाची वाट बघत नाही. म्हणून पक्कं सांगा : ताट पुढं आल्यावरच गोळी, आणि समोर कुणी असतानाच. न जेवल्यास गोळी नाही. साखर ७० च्या खाली गेली, किंवा मशीन नाही पण लक्षणं आहेत, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, १५ मिनिटांनी परत बघायचं, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. असं वारंवार होत असेल तर गोळी किंवा डोस बदलणं हे डॉक्टरांचं काम आहे, सुनेला बोल लावू नका.

इन्सुलिन असेल तर बाटली आणि सिरिंज एकमेकींशेजारी ठेवून दाखवा. ४० युनिटच्या (एका मिलीत ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीच पट डोस जातो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या घरात इन्सुलिन खराब होतं. फ्रिज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून ओल्या मातीच्या भांड्यात, घराच्या थंड कोपऱ्यात ठेवायची.

लघवी वाढवणारी गोळी सकाळीच द्यायला सांगा. संध्याकाळी घेतली की रात्री अंधारात अंगणापलीकडच्या संडासाला जाणं आलं, आणि खुबा तिथंच मोडतो. बीपी एकदा बसून आणि उभं केल्यावर १ व ३ मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर उठताना पडायचा धोका आहे, ते चिठ्ठीवर लिहा.

वाचता येत नसेल तर पाकिटावर मार्करनं सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र काढा. शेवटी "समजलं का?" विचारू नका, "हो" एवढंच उत्तर येतं. "घरी मालकांना कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा" म्हणा. चुकलं तर आपलं सांगणं कमी पडलं, पुन्हा सांगा.

हातानं करून दाखवायच्या गोष्टी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काखेतून ओढून उठवतात, त्यानं त्याचा खांदा निखळतो आणि सुनेची कंबर धरते. तपासणीच्या टेबलावरच दाखवा : आधी कुशीवर वळवा, पाय बाजेखाली सोडा, कमरेमागून घडी केलेली साडी घ्या, स्वतःचे गुडघे वाकवून जवळ घेऊन उठवा. मग तिच्याकडून करून घ्या. कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाडावर, टाचेवर बोट दाबून बघायचं, लाली गेली नाही तर व्रणाची ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं गरम किंवा टणक लागतं का ते बघायचं. त्या जागी तेल चोळायचं नाही, कातडी आतून आणखी फाटते. जेवण बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

एक गोष्ट प्रत्येक घरी पोचायला हवी. कालपर्यंत ओळखणारं माणूस आज असंबद्ध बोलायला लागलं तर ते "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. लघवीतलं इन्फेक्शन, उन्हानं अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, काहीही असू शकतं, त्याच दिवशी आणायचं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवून लगेच १०८. हा लकवा असू शकतो; मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं घाटीला (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पोचायचा वेळही त्यातच धरायचा.

आता सांभाळणाऱ्या सुनेचं स्वतःचं. "तुम्हाला काही त्रास?" याला उत्तर "नाही, चाललंय". "रात्री किती वेळा उठावं लागतं? स्वतःच्या गोळ्या संपून किती दिवस झाले?" असं विचारा. मग दोन प्रश्न : गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं होतं का? उदास, हताश वाटतं का? होकार आला तर डॉक्टरांशी भेट घालून द्या, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या, तिथं मराठीत बोलता येतं. तिशी ओलांडली असेल तर तिचं बीपी-साखर त्याच फेरीत तपासा, स्वतःसाठी ती पुन्हा येणार नाही. सत्तरीपुढच्या सासू-सासऱ्यांचं आयुष्मान वयवंदना कार्ड (मोफत उपचाराचं सरकारी कार्ड) काढलं का, तेही विचारा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

बीड, धाराशिव, जालन्याकडं आणखी एक काम दसऱ्याआधी करायचं. "यंदा कोयत्याला (ऊसतोडीला) कोण जाणार?" असं विचारा. उचल (आगाऊ पैसे) घेतलेलं जोडपं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर गेलं, की आज्जी आणि नातवंडं मागं राहतात, आणि गोळ्या देणारं माणूस सहा महिन्यांसाठी बदलतं. म्हणून निघण्याआधी नवीन माणसाला, मग ती शेजारीण असो की तेरा वर्षांची नात, सुनेसोबत बोलावून सगळं पुन्हा शिकवा. नातीवर इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची जबाबदारी टाकू नका, ती सिस्टर किंवा सीएचओंनी अंगावर घ्यावी किंवा डॉक्टरांना विचारून गोळ्यांचा पर्याय बघावा. साठा असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या द्या, आशाताईंच्या गृहभेटीची तारीख ठरवा, आणि केसपेपरच्या कोपऱ्यातला नंबर बदला.