रोटोरुआला जाताय? जोडवी खोलीवरच ठेवा

न्यूझीलंडच्या रोटोरुआत उतरलात की उकडलेल्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. नाक तासाभरात सरावतं, चांदी मात्र नाही. गंधकाच्या कुंडातून अर्ध्या तासाने बाहेर आले तर माझी जोडवी काळीकुट्ट! नवरा म्हणतो, "अगं, लोखंडाची घेतली होतीस का?"

काळी पडलीच तर भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर जोडवी ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि कडकडीत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी, नाहीतर काही होत नाही. पाच-दहा मिनिटांत काळेपणा उतरतो. खडे किंवा मीनाकारी असेल तर मात्र हा उद्योग नको.

दिवसाचा क्रमही सांभाळा. कैतुना नदीतलं राफ्टिंग सकाळी घ्या. तिथे तुतेआ धबधब्यावरून राफ्ट 7 मीटर खाली कोसळते, हातपाय ताजे हवेत. गरम कुंड संध्याकाळी, कारण त्यानंतर अंग असं ढिलं पडतं की वल्हं उचलवत नाही. कुंडात डोकं अजिबात बुडवायचं नाही. नाकावाटे अमीबा शिरून मेंदूज्वर होऊ शकतो. पैसे संपत आले असतील तर कुइराऊ पार्कात पाय सोडून बसा, तिथे फुकट आहे.