थंड इंजिनवर ऑइलचा लाल दिवा जात नाही? या चुका टाळा

डिसेंबर लागला की सकाळी साडेसहापासून माझ्या गॅरेजात फोन सुरू होतात. "दादा, गाडी चालू केली पण ऑइलचा दिवा जाईना. थंडी लई आहे, ऑइल गोठलं असेल का?" निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर आला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की हा प्रश्न रोजचा.

ऑइल गोठलेलं नसतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांत घालतात त्या २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडच्या ऑइललासुद्धा उणे २० अंशांवर पंपाने ओढलं जाण्याची चाचणी पार करावी लागते. पातळ ५डब्ल्यू-३० तर उणे ३५ला तपासतात. त्यामुळे नाशिकच्या थंडीवर खापर फोडू नका. उलट ऑइल थंड आणि घट्ट असताना प्रेशर जास्त दिसायला हवं. पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो आणि घट्ट ऑइल बेअरिंगच्या फटीतून सहज निसटत नाही, म्हणून प्रेशर चढतं. बहुतेक गाड्यांत थंड इंजिन चालू केल्यावर तीन ते पाच बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) दिसतात. तेच इंजिन तापून आयडलला आलं की एक-दीड बारवर उतरतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न एकच असतो: दिवा कधी लागतो? गाडी तापल्यावर, सिग्नलला उभी असताना मिणमिणत असेल तर तो आजार वेगळा. बेअरिंग झिजलंय, ऑइल पातळ झालंय किंवा ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. बीएस-६ डिझेल गाडी रोज गावातल्या गावात फिरवली की डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) साफ होण्याचं काम अर्धवट राहतं आणि डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो की ऑइल खात नाही! पण सकाळी थंड इंजिनवर दिवा रेंगाळत असेल, तर ऑइल पंपापर्यंत किंवा पंपापासून पुढे वेळेवर पोचत नाही, नाहीतर दिवा चालवणारा प्रेशर स्विच किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. तिसरं कारण मला क्वचितच सापडलंय.

प्रेशर गेज न लावता स्विच बदलणं

ही चूक बघून मी खरंच थकलोय. दिवा लागला की स्विच बदल. स्वस्त आहे, बाहेरून दिसतो, दहा मिनिटांत होतो. आणि दहातल्या दोन-तीन गाड्यांत दोष खरंच स्विचचा निघतो, म्हणून सवय सुटत नाही. उरलेल्यांचं काय?

ओझरच्या पुढचे एक बागायतदार काका, जुनी डिझेल जीप, सव्वा लाखाच्या वर चाललेली. सकाळी दिवा सात-आठ सेकंद राहायचा, वरून टकटक आवाज, मग सगळं शांत. दिवसभर काही नाही. एका ठिकाणी स्विच बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा नवा स्विच. मग कुणीतरी सल्ला दिला की प्रेशर कमी आहे तर जाड ऑइल टाका. टाकलं, आणि दिवा बारा सेकंद राहायला लागला. इथेच कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. प्रेशर खरंच बेअरिंगमधून निसटत असतं, तर जाड ऑइलने दिवा लवकर गेला असता. इथे उशीर वाढला, म्हणजे अडचण पंपाच्या अलीकडे, ओढण्याच्या बाजूला होती.

काकांना सांगितलं, गाडी रात्रभर माझ्याकडे राहू द्या. थंड इंजिनचा आजार दुपारी बारा वाजता तपासून काय सापडणार? सकाळी सातला स्विच काढला, त्याच भोकात गेज बसवलं, इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल तोडलं आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. आठ सेकंद, काटा हलला नाही. सेल्फ गार होऊ दिला, पुन्हा आठ सेकंद, काही नाही. तिसऱ्या वेळी काटा उठला, पण सरळ चढला नाही. थरथरत होता, म्हातारीच्या हातातल्या वातीसारखा. काटा असा थरथरला की समजायचं, पंप ऑइलबरोबर हवा गिळतोय.

काका शेजारी चहा पीत उभे होते. सहज म्हणाले, "मिस्त्री, एक गंमत सांगू का? मळ्यात विहिरीपाशी लावली की दिवा लगेच जातो. घरापुढे लावली की त्रास देते." विहिरीपाशी उतार आहे, गाडीचं तोंड खाली राहतं. ऑइल पुढच्या बाजूला जमतं आणि चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या जाळीचा पाइप पंपाला जिथे जोडलेला असतो तो सांधा ऑइलमध्ये बुडतो. बुडालेल्या सांध्यातून हवा कशी येणार? घरापुढे गाडी सपाट, सांधा ऑइलच्या वर, रात्रभरात पंप रिकामा. दोन मेकॅनिक आणि दोन स्विच झाले, पण गाडी कुठे आणि कशी लावता हे काकांना कुणी विचारलंच नव्हतं.

चेंबर खोललं. सांध्यातली रबराची ओ-रिंग नखाने काढली तर वाकेना, कडक झालेली. बोटांत धरून जरा दाबली, कट्‌कन दोन तुकडे. सांध्याच्या कडेला तिच्या काळ्या चुऱ्याची एक बारीक रेघ बसलेली. जाड ऑइल ओढायला पंपाला जास्त जोर लावावा लागत होता, म्हणून फटीतून हवाही जास्त येत होती. तापल्यावर ऑइल पातळ व्हायचं, ओढ कमी व्हायची आणि तक्रार गायब. नवी ओ-रिंग दोन कप चहाच्या पैशांत आली.

तेव्हापासून चेंबर उतरवलं की ती ओ-रिंग मी बदलतोच, न विचारता.

रेस देऊन दिवा घालवणं

नवीन गाडी घेतलेल्या पोरांना ही फार वाईट सवय असते. दिवा जात नाही म्हटलं की पाय दाबायचा. घूंऽऽ केलं की दिवा जातो आणि यांना वाटतं काम झालं.

दिवा विझवणारा साधा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारलाच उघडतो. म्हणजे इंजिनला तीन बार हवे असताना अर्धा बार आला तरी दिवा गेलेला दिसतो. दिवा गेला याचा अर्थ ऑइल पुरतंय असा होत नाही, अगदीच शून्य नाही एवढाच होतो. आणि ज्या दहा सेकंदांत तुम्ही रेस देता त्याच दहा सेकंदांत क्रँक बेअरिंगवर, कॅमवर आणि टर्बोच्या शाफ्टवर ऑइलचा थर नसतो. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरू शकतो, तोही कोरडा. टायमिंग चेनचा टेन्शनर ज्या गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, त्यांची चेन तेवढा वेळ सैल आपटत राहते.

सिन्नरचा एक तरुण. इंजिनचं काम दुसरीकडे करून घेतलं होतं, तीन महिने झाले होते. सकाळी दिवा रेंगाळायचा. काम करणाऱ्याने सांगितलं, नवीन बेअरिंग आहे, सेट होईल, थोडी रेस देत जा. बेअरिंग सेट होत असताना दिवा लागतो हे मी पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही. पोराने दीड महिना रोज सकाळी रेस दिली. मग एके दिवशी चांदवडच्या अलीकडे खालून ठोका ऐकू यायला लागला, आणि तरी तो तसाच पुढे गेला. टो करून आणली तेव्हा क्रँक हाताने फिरत नव्हता.

चेंबर उतरवलं आणि मला वाईट वाटलं. जाळीवर निळ्या सिलिकॉन पेस्टच्या शेवया अडकलेल्या. चेंबर बसवताना पॅकिंगवर पेस्ट बोटभर लावली होती. बाहेर आलेली पुसली जाते, आत दाबली गेलेली कोण पुसणार? ती सुकते, तुटते आणि जाळीवर जाऊन बसते. अर्धी जाळी बंद होती. थंड ऑइल उरलेल्या अर्ध्या जाळीतून येईपर्यंत वेळ लागायचा, तापल्यावर निभायचं. बेअरिंगच्या वाट्या काढल्या तर वरचा पांढरा थर गेलेला, खालचं तांबं उघडं, आणि एक वाटी दुसरीवर चढलेली. क्रँक ग्राइंडिंगला गेला. पेस्टची एक बारीक, सलग रेघ ओढली असती तर हे काहीच झालं नसतं.

म्हणून माझा नियम: गाडी चालू केल्यावर दिवा तीन सेकंदांत जायला हवा. पाच मोजून होईपर्यंत गेला नाही तर चावी बंद. रेस नाही, "बघू जरा तापल्यावर" नाही. आणि रस्त्यात लागला तर बाजूला घेऊन बंद. मुंबई नाका चार किलोमीटरवर आहे म्हणून तसेच निघू नका.

बाकीच्या, पण दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत

लाल किटलीचा दिवा लेव्हलचा आहे असं समजणं. तो प्रेशरचा आहे. तो लागेपर्यंत लेव्हल तपासायची वाट पाहणारे लोक आहेत, आणि त्यांची गाडी माझ्याकडे येते तेव्हा चेंबरमध्ये लिटर-दीड लिटर उरलेलं असतं. डिपस्टिक सपाट जागेवर, सकाळी चालू करण्याआधी बघावी. एकदा पुसून, पुन्हा घालून.

स्वस्त फिल्टर. ज्या इंजिनांत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो, तिथे आत रबराची एक झडप असते. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ नये म्हणून ती असते. नकली फिल्टरमध्ये हे रबर काही महिन्यांत कडक होतं, आणि मग रोज सकाळी आधी फिल्टर भरेपर्यंत दिवा राहतो. ओळख सोपी आहे: रात्रभर उभ्या गाडीत दिवा रेंगाळतो, पण अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली की लगेच जातो. नवा फिल्टर घेताना कडेच्या बारीक भोकांतून पेनच्या टोकाने आतलं रबर दाबून बघा. मऊ असेल, दबून परत जागेवर येईल. दुकानदार ओरडला तर ओरडू दे. थंड इंजिनवरच्या दिव्यात स्विचला हात लावण्याआधी मी फिल्टर चांगल्या कंपनीचा बदलून बघतो. जिथे फिल्टर उभा बसतो तिथे ताजं ऑइल भरूनच लावतो, पहिल्या स्टार्टला तेवढा कोरडा वेळ वाचतो.

वायर न तपासणं. एका वायरच्या साध्या स्विचमध्ये ही तपासणी फुकटची आहे. चावी ऑन, इंजिन बंद, स्विचची वायर काढा. दिवा जायला हवा. नाही गेला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. मळ्यातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचं कारण. वायर काढलीच आहे तर कनेक्टरच्या आत बघा. आत ऑइल पाझरलेलं असेल तर स्विच फुटलाय, तेव्हा बदला, निःशंक बदला. नव्या गाड्यांत स्विचऐवजी तीन वायरचा सेन्सर असतो, तिथे ही युक्ती चालत नाही, स्कॅनर लावावा लागतो.

वायर काढून ठेवून गाडी चालवणं. यावर मी काही लिहीत नाही. कृपा करून करू नका.

इंजिन फ्लश. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनमध्ये फ्लश ओतला की भिंतींवरची काळी घाण एकदम सुटते आणि जाळीवर जाऊन बसते. काल नसलेला दिवा आज लागतो. अशा इंजिनचं चेंबर उतरवून जाळी हाताने धुवा, मग दोन वेळा लवकर ऑइल बदला. वेळ लागतो, मान्य आहे. प्रेशर वाढवतो म्हणून डब्यात मिळणारं मधासारखं घट्ट औषध मात्र माझ्या गॅरेजात येत नाही.

रिलीफ व्हॉल्व विसरणं. जादा प्रेशर सोडून देणारा पंपाजवळचा हा व्हॉल्व घाणीच्या कणाने उघडा अडकला तर ऑइल पुढे न जाता परत चेंबरमध्ये पडतं. स्प्रिंग आणि पिस्टन काढून डिझेलमध्ये धुवायचे, पिस्टन आपल्या वजनाने आत सरकला पाहिजे. अडकत असेल तर एमरी पेपर लावत बसू नका, बदला.

आणि शेवटचं, गेज काढून स्विच परत बसवताना. आटे गळू नयेत म्हणून पोरं त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, पाच-सहा वेढे. एका वायरच्या स्विचला अर्थिंग त्याच आट्यांतून, इंजिनच्या अंगातून मिळतं. टेपने ते तुटलं की दिवा कधीच लागत नाही, ऑइल शून्य असलं तरी. निमुळत्या आट्याचा स्विच असेल तर सीलंटचा एक बारीक थेंब पुरतो, सरळ आट्याचा असेल तर नवं तांब्याचं वॉशर घाला. आणि बॉनेट बंद करण्याआधी चावी ऑन करून बघा: इंजिन बंद असताना लाल दिवा लागलेला दिसलाच पाहिजे.