दुकानाच्या काचेत पारोळ्याचा किल्ला पकडायचा तर

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा भुईकोट भर बाजारात आहे. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. आता समोर उभं राहून फोटो काढला की तटापेक्षा वायरी, हातगाड्या आणि फटफट्याच जास्त येतात. म्हणून मी किल्ल्याकडे पाठ करतो आणि दुकानांच्या काचांत त्याला शोधतो.

तटावर ऊन, काच सावलीत, काचेआड अंधार. एवढं जुळलं की निम्मं काम झालं. साधी काच समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम ८ टक्के परत फेकते, आत ट्यूबलाइट लागली की प्रतिबिंब संपलं. दुकानाचं शटर वर गेलंय पण दिवे लागायचेत, ती दहा-पंधरा मिनिटं धरा. मालकाने "काय करी ऱ्हायना भाऊ?" विचारायच्या आत आपणच सांगून टाकलेलं बरं. काच रुमालाने पुसू नका, फराटे उठतात. ओल्या वर्तमानपत्राने पुसा.

आता फोकस. इथे मी दोन उन्हाळे वाया घालवले. एका साडीच्या दुकानासमोर तासभर उभा राहून साठेक फोटो काढले, घरी मोठ्या पडद्यावर पाहिले, तर 'सेल' लिहिलेला स्टिकर सुरीसारखा धारदार आणि बुरूज म्हणजे पिठलं! कॅमेऱ्याचा दोष नव्हता. ऑटोफोकसला ठळक कडा हवी असते, ती त्याला स्टिकरवर, धुळीच्या ठिपक्यावर किंवा आतल्या पुतळ्याच्या नाकावर मिळते.

प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. तट काचेपासून जितका दूर, तितकंच ते काचेच्या 'मागे' असतं. तुम्ही काचेपासून ३ मीटरवर आणि तट काचेपासून १५ मीटरवर असेल, तर फोकस ३ वर नको, १८ मीटरवर हवा.

"मागे वळ, खऱ्या भिंतीवर फोकस कर, लॉक कर, परत फिर" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकलं की डोकं फिरतं. गणित करा ना! वरच्याच उदाहरणात वळल्यावर भिंत तुमच्यापासून १२ मीटरवर आहे, प्रतिबिंब १८ वर. मोठ्या कोनाच्या लेन्सने ही चूक खपून जाते, म्हणून सल्ला टिकून आहे. २०० मिमीची लेन्स लावा, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवा, आणि मग बघा दगडांचे सांधे कुठे जातात ते.

मी करतो ते असं. ऑटोफोकस बंद. मागच्या पडद्यावर चित्र मोठं करायचं, प्रतिबिंबातला बुरुजाचा एखादा सांधा निवडायचा आणि हाताने रिंग फिरवत तो स्पष्ट करायचा. ऊन पडद्यावर येत असेल तर डोक्यावर उपरणं घ्या, लोक हसतात, हसू द्या. काचेची चौकटही धारदार हवी असेल तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४ मिमी लेन्स, एफ/११, फोकस साधारण २ मीटरवर: एक मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. ५० मिमीने हे जमवायला जाऊ नका. चौकट किंवा बुरूज, एक काहीतरी सोडावं लागतं. मोबाइलवर प्रतिबिंबातल्या बुरुजावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याशिवाय उचलू नका.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, काढून ठेवा, असं सगळे सांगतात. अर्धवट खरं आहे. काचेला लंब रेषेपासून साधारण ५६ अंशांवर तो प्रतिबिंब पुसून टाकतो. पण तिथूनच ९० अंश फिरवला तर प्रतिबिंब राहतं आणि दुकानातला उजेड दबतो. उजेड कमी होतो तेवढा शटर वेग उतरवा.

स्वतः चित्रात यायचं नसेल तर काचेसमोर सरळ उभे राहू नका, बाजूला सरका. फार तिरपे मात्र जाऊ नका. जाड काचेच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून दोन प्रतिबिंबं येतात आणि तिरपं गेलं की तटाची प्रत्येक कड दुहेरी दिसते. गडद रंगाच्या काचेत हा त्रास कमी.

आमच्याच जिल्ह्यातल्या फरकांडे गावच्या झुलत्या मनोऱ्यासमोर शोकेस कुठून आणणार? तिथे गाडीची काच वापरतात लोक. ती वाकडी असते, मनोरा केळ्यासारखा येतो.

घरी आल्यावर चित्र आडवं उलटवू नका. किल्ला सुलट होईल, पण काचेवरचं 'सेल' उलटं वाचावं लागेल.